अटकळीला शास्त्राचे रूप देणारा याकोब बर्नोली

उद्या काय होणार, हे जाणून घेण्याची इच्छा माणसाला फार प्राचीन काळापासून आहे. मृग नक्षत्र जवळ आले की शेतकरी आभाळाकडे पाहतो. व्यापारी समुद्रावर गेलेल्या जहाजाची वाट पाहतो. आजाऱ्याच्या उशाशी बसलेले आप्त वैद्याची मुद्रा न्याहाळतात. या सर्वांच्या मनात एकच प्रश्न असतो : पुढे काय होणार? या प्रश्नाचे उत्तर माणसाने ग्रहताऱ्यांत शोधले, शकुनांत शोधले आणि ते सापडेनासे झाले तेव्हा दैवाकडे बोट दाखविले. गणिताने मात्र या प्रश्नाकडे दीर्घकाळ पाठ फिरविली होती. जे निश्चित आहे त्याचाच विचार गणिताने करावा, जे अनिश्चित आहे ते दैवाधीन समजावे, अशी विद्वानांचीही समजूत होती. ही समजूत ज्या थोड्या गणितज्ञांनी मोडून काढली, त्यांत याकोब बर्नोलीचे नाव अग्रभागी आहे.

स्वित्झर्लंडमध्ये ऱ्हाईन नदीच्या काठी बाझल हे शहर वसलेले आहे. तेथील विद्यापीठाची स्थापना १४६० मध्ये झाली. याच शहरात याकोबचा जन्म झाला. बाझलमध्ये त्या काळी जुनी कालगणना चालू होती. तिच्याप्रमाणे त्याची जन्मतारीख २७ डिसेंबर १६५४ अशी होती; नव्या कालगणनेप्रमाणे ती ६ जानेवारी १६५५ अशी येते. बर्नोली घराणे मूळचे अँटवर्प या शहरातील. हे शहर आज बेल्जियममध्ये आहे, परंतु त्या काळी तेथे स्पेनची सत्ता होती. प्रॉटेस्टंट पंथीयांचा तेथे छळ होऊ लागला, तेव्हा सोळाव्या शतकाच्या अखेरीस या घराण्याने गाव सोडले. याकोबचे आजोबा १६२२ मध्ये बाझलला येऊन स्थायिक झाले. मसाल्याच्या व्यापारात घराण्याने चांगला जम बसविला. याकोबचे वडील निकोलाउस हे सधन व्यापारी होते आणि शहराच्या कारभारातही त्यांना मान होता.

मुलाने धर्मशास्त्राचा अभ्यास करावा आणि धर्मोपदेशक व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. याकोबने त्यांची आज्ञा मोडली नाही. १६७१ मध्ये त्याने तत्त्वज्ञानाची आणि १६७६ मध्ये धर्मशास्त्राची पदवी संपादन केली. परंतु त्याचे मन रमत होते ते गणितात आणि ज्योतिषशास्त्रात. वडिलांना हे पसंत नव्हते; म्हणून घरातून उत्तेजन मिळण्याची आशा नव्हती. अशा स्थितीत त्याने हे दोन्ही विषय स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले. सूर्याचा रथ हाकण्याचा हट्ट धरणाऱ्या फेथॉन नावाच्या मुलाची एक ग्रीक पुराणकथा आहे. याकोबने पुढे आपले बोधचिन्ह म्हणून त्या रथस्थ फेथॉनची निवड केली आणि वडिलांची इच्छा नसतानाही आपण ताऱ्यांचा अभ्यास करतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्याखाली घातले. पितृभक्ती आणि ज्ञानाची ओढ यांच्या पेचात सापडलेल्या तरुणाचे मन या बोधचिन्हात स्पष्ट दिसते.

पदवी मिळाल्यावर याकोब १६७६ मध्ये जिनीव्हाला गेला आणि तेथे शिकवण्या करून आपला चरितार्थ चालवू लागला. तेथे त्याने एका अंध मुलीला लिहावयास शिकविले. ज्या काळी अंधांच्या शिक्षणाचा विचारही फारसा कोणी करीत नसे, त्या काळी या तरुण शिक्षकाने तिच्यासाठी युक्ती योजली आणि धीराने ती सिद्धीस नेली. त्यानंतर त्याने फ्रान्समध्ये दोन वर्षे काढली व तेथील नव्या विचारांचा परिचय करून घेतला.

याच सुमारास, १६८० च्या अखेरीस, युरोपच्या आकाशात एक अतिशय तेजस्वी धूमकेतू दिसू लागला. धूमकेतू म्हणजे दुष्काळाचे, युद्धाचे किंवा राजाच्या मृत्यूचे चिन्ह, असे मानून लोक भयभीत झाले. याकोबला ही भीती मान्य नव्हती. धूमकेतू हेही इतर ज्योतींप्रमाणे नियमाने चालत असले पाहिजेत, असे त्याचे मत होते. शनीच्या पलीकडे असलेल्या एका अदृश्य ग्रहाभोवती ते फिरतात, अशी उपपत्ती त्याने मांडली. एवढेच करून तो थांबला नाही. हा धूमकेतू १७ मे १७१९ रोजी पुन्हा दिसेल, असे भाकीतही त्याने वर्तविले. हे भाकीत खरे ठरले की खोटे, हे कळण्यास अडतीस वर्षांचा अवकाश होता.

पुढे त्याने हॉलंड व इंग्लंड या देशांचा प्रवास केला. तेथे रॉबर्ट बॉइल, रॉबर्ट हुक यांसारख्या थोर शास्त्रज्ञांशी त्याच्या भेटी झाल्या. मायदेशी परतल्यावर १६८३ पासून तो बाझलमध्ये घन व द्रव पदार्थांच्या गतिविषयक शास्त्रावर प्रयोगांसह व्याख्याने देऊ लागला. चर्चमधील एक पद त्याला देऊ करण्यात आले होते; ते त्याने नाकारले. १६८४ मध्ये त्याचा विवाह झाला. १६८७ मध्ये बाझल विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली आणि अखेरपर्यंत तो त्याच पदावर राहिला.

याकोबचा धाकटा भाऊ योहान हा त्याच्याहून बारा वर्षांनी लहान होता. त्याने वैद्यक शिकावे, असे वडिलांनी ठरविले होते. परंतु थोरल्या भावाप्रमाणे धाकट्यालाही गणिताचाच लळा लागला आणि याकोबने त्याला मोठ्या आस्थेने शिकविले. जर्मन पंडित लायब्निट्स याने १६८४ मध्ये कलनशास्त्रावरील आपला पहिला लेख प्रसिद्ध केला होता. तो इतका दुर्बोध होता, की भल्याभल्यांना त्याचा अर्थ लागला नाही. या दोघा भावांनी मात्र एकत्र बसून तो उलगडला आणि त्या नव्या गणिताचा युरोपभर प्रसार केला. इंटिग्रल ही आज जगभर रूढ असलेली संज्ञा छापील स्वरूपात प्रथम आली, ती याकोबच्याच १६९० मधील एका लेखात.

परंतु याकोबचे नाव विशेष अमर झाले ते एका निराळ्याच विषयामुळे. तो विषय म्हणजे संभाव्यतेचे गणित.

या गणिताचा आरंभ याकोबच्या जन्मवर्षीच झाला, हा एक मौजेचा योगायोग होय. १६५४ मध्ये पास्काल आणि फेर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी पत्रव्यवहारातून एका जुन्या कोड्याचा उलगडा केला. ते कोडे असे : दोन खेळाडूंनी प्रत्येकी ३२ मोहरा पणाला लावल्या. जो आधी तीन डाव जिंकील त्याने सर्व ६४ मोहरा घ्याव्यात, असे ठरले. पहिल्याने दोन डाव जिंकले, दुसऱ्याने एक जिंकला आणि काही कारणाने खेळ तेथेच थांबवावा लागला. आता मोहरांची वाटणी न्यायाने कशी करावी? पास्कालने विचार केला, की आणखी एक डाव झाला असता तर काय घडले असते? पहिला जिंकला असता, तर त्याला ६४ मोहरा मिळाल्या असत्या. तो हरला असता, तर दोघेही बरोबरीला येऊन प्रत्येकाला ३२ मोहरा मिळाल्या असत्या. म्हणजे ३२ मोहरा कोणत्याही परिस्थितीत पहिल्याच्याच आहेत. उरलेल्या ३२ मोहरांवर दोघांचा हक्क समान आहे. म्हणून पहिल्याला ४८ आणि दुसऱ्याला १६ मोहरा देणे न्याय्य होय. जो डाव कधी खेळलाच गेला नाही, त्याचे मोल अशा रीतीने गणिताने ठरविले. १६५७ मध्ये हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने या विषयावर एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा याकोबने बारकाईने अभ्यास केला.

फाशांच्या बाबतीत हे गणित सोपे आहे. फाशाला सहा बाजू असतात. फासा निर्दोष असेल तर प्रत्येक बाजू वर येण्याचा संभव सारखाच असतो. म्हणून चौकट पडण्याची संभाव्यता सहांत एक, अशी मांडता येते. दोन फासे एकदम टाकले तर ३६ प्रकार संभवतात. त्यांत बेरीज सात येण्याचे सहा प्रकार आहेत, बारा येण्याचा मात्र एकच. म्हणून बारापेक्षा सात अधिक वेळा पडतात. यात दैवाचा काही पक्षपात नाही. ही केवळ मोजणी आहे.

येथे याकोबच्या मनात एक शंका उत्पन्न झाली. फासा माणसाने घडविलेला असतो, त्यामुळे त्याच्या बाजू मोजता येतात. परंतु निसर्गाच्या व्यवहाराला बाजू कोठे असतात? एखादा तरुण आणखी दहा वर्षे जगेल काय? यंदा साथीचा रोग येईल काय? माणसाच्या देहात रोग शिरण्याचे किती मार्ग आहेत आणि त्यांतील कोणता किती बलवान आहे, हे कोणाला ठाऊक आहे? जेथे सर्व प्रकार आधीच मोजून काढता येत नाहीत, तेथे संभाव्यता कशी ठरवावी? जुगाऱ्यांच्या मेजावर जन्मलेले हे गणित माणसाच्या खऱ्या सुखदुःखाच्या कामी येणार की नाही, हे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होते.

याकोबने उत्तर दिले, की जे आधी कळत नाही ते नंतर, म्हणजे घडलेल्या घटनांच्या निरीक्षणावरून कळू शकते. एकाच वयाच्या व प्रकृतीच्या तीनशे माणसांची नोंद ठेवली आणि दहा वर्षांत त्यांपैकी दोनशे मरण पावली, असे आढळले, तर तशाच आणखी एका माणसाबद्दल अंदाज बांधण्यास आधार मिळतो. निरीक्षणे जितकी अधिक, तितका अंदाज अधिक भरवशाचा, हे तर अडाणी माणसालाही उपजत बुद्धीने समजते. परंतु केवळ समजणे निराळे आणि सिद्ध करणे निराळे. निरीक्षणे वाढवीत गेले असता आपण सत्याच्या हवे तितके जवळ जाऊ शकतो काय? की कितीही निरीक्षणे केली तरी एका मर्यादेपलीकडे अनिश्चितता कमी होतच नाही? या प्रश्नाचे कोडे त्याने पुढे सुमारे वीस वर्षे मनात बाळगले. त्याची सिद्धता त्याला १६८९ च्या सुमारास सापडली होती; पण तिच्यावर तो वारंवार विचार करीत राहिला.

आपले म्हणणे स्पष्ट करण्यासाठी त्याने पुढील उदाहरण घेतले. एका झाकलेल्या रांजणात ३,००० पांढरे आणि २,००० काळे खडे आहेत. हे प्रमाण रांजण भरणाऱ्याला ठाऊक आहे, परंतु आपल्याला ठाऊक नाही. आपण न पाहता एक खडा काढावयाचा, त्याचा रंग टिपून ठेवावयाचा आणि तो पुन्हा आत टाकून सर्व खडे ढवळावयाचे. असे पुन्हा पुन्हा केल्यास पांढऱ्या-काळ्यांचे खरे प्रमाण तीनास दोन आहे, हे आपल्या नोंदीवरून कळेल काय? दहा वेळा खडे काढले तर सहा पांढरे येतील, असे खात्रीने सांगता येत नाही. चार येतील, आठही येतील. परंतु याकोबने हिशेब करून दाखविले, की २५,५५० वेळा खडे काढले तर पांढऱ्या खड्यांची संख्या १४,८१९ आणि १५,८४१ यांच्या दरम्यान असण्याचा संभव, ती त्याबाहेर जाण्याच्या संभवाच्या हजारपटीहूनही अधिक आहे. या दोन मर्यादा म्हणजे खऱ्या प्रमाणाच्या मागेपुढे केवळ एकपन्नासांश अंतर होय. हजारपटीने समाधान होत नसेल तर निरीक्षणांची संख्या वाढवावी. मग दहा हजारपट, लाखपट खात्रीही मिळविता येते. पूर्ण निश्चितता मात्र कधीही मिळत नाही. या सिद्धान्ताला पुढे बृहत्संख्यांचा नियम असे नाव मिळाले.

हा नियम सोपा दिसतो, पण त्याचा अर्थ लावताना पुष्कळांची गल्लत होते. नाणे उडविताना पाच वेळा लागोपाठ छापा पडला, तर आता काटा पडलाच पाहिजे, असे अनेकांना वाटते. हा भ्रम आहे. नाण्याला स्मरणशक्ती नसते. आधी काय पडले याची त्याला जाणीव नसल्यामुळे सहाव्या वेळीही छापा व काटा यांचा संभव सारखाच असतो. मग शेवटी प्रमाण निम्म्याच्या जवळ कसे येते? आधीची तूट भरून निघते म्हणून नव्हे, तर मोठ्या संख्येपुढे ती तूट क्षुल्लक होऊन जाते म्हणून. दहांपैकी सात वेळा छापा पडणे ही नवलाची गोष्ट नाही. परंतु हजारांपैकी सातशे वेळा छापा पडला, तर त्या नाण्यात काही खोट आहे, असे खुशाल समजावे. पुढच्या काळात काही विद्वानांनी हा नियम प्रत्यक्ष पडताळून पाहिला. अठराव्या शतकातील फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ याच्या प्रयोगात ४,०४० पैकी २,०४८ वेळा छापा पडला. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन याच्या प्रयोगात २४,००० पैकी १२,०१२ वेळा छापा पडला. पहिल्या प्रयोगात छाप्याचे प्रमाण शेकडा ५०.७ आले, तर दुसऱ्यात ते शेकडा ५०.०५ इतके निम्म्याच्या निकट गेले.

इतके मोठे कार्य चालू असताना याकोबच्या घरातील शांतता मात्र ढळली होती. ज्या भावाला त्याने हाताला धरून शिकविले, तोच आता त्याचा प्रतिस्पर्धी झाला. योहान बुद्धीने तल्लख होता आणि मानी स्वभावाचा होता. याकोबही हळवा आणि मानी होता. धाकट्याची कीर्ती वाढू लागली, तेव्हा तो आपला शिष्य असून शिकविलेलेच परत सांगतो, असे याकोब जाहीरपणे म्हणू लागला. योहानला हे फार लागले. १६९५ मध्ये तो हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथे प्राध्यापक होऊन गेला. १६९६ मध्ये त्याने साऱ्या गणितज्ञांना एक आव्हान दिले : उंचावरील एका बिंदूपासून खालच्या तिरकस बिंदूपर्यंत मणी कमीत कमी वेळात घसरत यावा, यासाठी मार्गाचा आकार कसा असावा? न्यूटन, लायब्निट्स यांच्याबरोबर याकोबनेही हे कोडे सोडविले आणि लगेच धाकट्या भावाला त्याहून कठीण कोडे घातले. योहानचे उत्तर सदोष निघाले. याकोबने ते दोष छापून प्रसिद्ध केले. या चढाओढीतून गणिताची एक नवी शाखा उदयास आली. परंतु दोघा भावांची मने मात्र कायमची दुरावली. गणिताचा लाभ झाला, घराची हानी झाली.

आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत याकोबने लायब्निट्सशी संभाव्यतेविषयी पत्रव्यवहार केला. लायब्निट्सने एक मार्मिक आक्षेप घेतला. रांजणातील खडे बदलत नाहीत; परंतु जगात नवनवे रोग उत्पन्न होतात. मग पूर्वीच्या मृत्यूंची मोजणी पुढच्या काळाला कशी लागू पडावी? याकोबने हा आक्षेप झिडकारला नाही. परिस्थिती बदलली तर निरीक्षणेही नव्याने केली पाहिजेत, असे त्याने उत्तर दिले. मृत्यूच्या प्रत्यक्ष नोंदींवर आपला सिद्धान्त लावून पाहण्याची त्याची फार इच्छा होती. त्यासाठी यान द विट या डच मुत्सद्द्याने लिहिलेली एक पुस्तिका पाठवावी, अशी विनंती त्याने लायब्निट्सला पुन्हा पुन्हा केली. परंतु लायब्निट्सला ती आपल्या कागदपत्रांत सापडली नाही, आणि याकोबचे ते काम राहून गेले.

याकोबची प्रकृती खालावत चालली होती. आपला ग्रंथ पूर्ण करण्याची त्याची धडपड शेवटपर्यंत चालू होती, परंतु आयुष्याने साथ दिली नाही. १६ ऑगस्ट १७०५ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी त्याचे देहावसान झाले. योहान त्या वेळी बाझलला परत येण्यास निघाला होता. वाटेतच त्याला भावाच्या निधनाची वार्ता कळली. पुढे बाझल विद्यापीठातील याकोबची जागा त्यालाच मिळाली. परंतु याकोबचे हस्तलिखित त्याच्या हाती द्यावे, असे घरच्या मंडळींना वाटले नाही. भावाभावांतील वैराची छाया मरणानंतरही राहिली आणि ग्रंथ आठ वर्षे तसाच पडून राहिला. अखेर १७१३ मध्ये तो बाझल येथे छापला गेला. त्याला प्रस्तावना लिहिली ती याकोबच्या दुसऱ्या एका भावाचा मुलगा निकोलाउस याने. अपुरा भाग पूर्ण करण्याची विनंती त्याला करण्यात आली होती. परंतु आपला अधिकार तेवढा नाही, असे सांगून त्याने चुलत्याचा ग्रंथ होता तसाच लोकांसमोर ठेवला.

ग्रंथाच्या लॅटिन नावाचा अर्थ अटकळ बांधण्याची कला असा आहे. त्याचे चार भाग आहेत. पहिल्या भागात हायगेन्सच्या ग्रंथावरील टीका आहे. दुसऱ्या भागात वस्तूंची मांडणी व निवड किती प्रकारांनी करता येते, याचे विवेचन आहे. अशाच विषयाचा विचार आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावती ग्रंथातील अंकपाश या प्रकरणात केलेला आढळतो. याच भागात याकोबने काही विशिष्ट संख्यांचा शोध नमूद केला आहे. त्यांच्या साहाय्याने पहिल्या एक हजार संख्यांच्या दहाव्या घातांची बेरीज आपण पाव तासाच्या निम्म्या वेळात केली, असे तो अभिमानाने सांगतो. या संख्या आज बर्नोली संख्या म्हणून प्रसिद्ध आहेत. तिसऱ्या भागात निरनिराळ्या खेळांवरील उदाहरणे आहेत. चौथा भाग अपुरा आहे, पण तोच सर्वांत मोलाचा आहे. त्यात बृहत्संख्यांच्या नियमाची सिद्धता आहे आणि न्याय, व्यवहार व राज्यकारभार यांत या गणिताचा उपयोग कसा करावा, याचे दिग्दर्शन आहे. आरोपीला दोषी ठरविताना किती खात्री पुरेशी मानावी, शंभरांत नव्याण्णव की हजारांत नऊशे नव्याण्णव, हे सत्ताधीशांनी ठरवून द्यावे, अशी सूचनाही त्यात आहे.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर सहा वर्षांनी १७१९ चा मे महिना उजाडला. धूमकेतू परत येण्याची याकोबने सांगितलेली तारीख आली आणि गेली. धूमकेतू आला नाही. त्याला सूर्याभोवती एक फेरी पुरी करण्यास हजारो वर्षे लागतात, हे पुढच्या संशोधनाने स्पष्ट झाले. याकोबने तरुणपणी ठामपणे सांगितलेले भाकीत अशा रीतीने खोटे ठरले. परंतु प्रौढपणी सिद्ध केलेला त्याचा नियम मात्र आजही अबाधित आहे. या दोहोंतील भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. पहिल्या भाकितात दिवस नेमका सांगितला होता, पण तो कितपत भरवशाचा आहे, हे सांगण्याची सोय नव्हती. दुसऱ्यात नेमकेपणाचा आग्रह सोडून अंदाज किती चुकू शकतो आणि तो न चुकण्याची खात्री किती, या दोन्ही गोष्टी मोजून सांगितल्या होत्या.

पुढे १७३३ मध्ये लंडन येथे राहणाऱ्या द म्वाव्र या गणितज्ञाने याकोबच्या हिशेबात मोठी सुधारणा केली. त्याच्या पद्धतीने पाहिले तर रांजणाच्या उदाहरणात तितकीच खात्री मिळण्यास २५,५५० ऐवजी सुमारे ६,५०० निरीक्षणे पुरतात. निरीक्षणांची संख्या अशी आवाक्यात आल्यावर या गणिताचा प्रसार वेगाने झाला. आज विम्याचे हप्ते त्यावरून ठरतात. नवे औषध गुणकारी आहे की नाही, हे रोग्यांच्या मोठ्या समूहावर पडताळून पाहिले जाते. सर्व शेतांची कापणी न मोजता काही निवडक तुकड्यांवरून साऱ्या जिल्ह्याच्या पिकाचा अंदाज बांधला जातो. भारताचा हवामान विभागही पावसाळ्याचा अंदाज वर्तविताना संभाव्यतेची भाषा वापरतो. पावसाचा संभव शेकडा सत्तर आहे, असे सांगितले आणि त्या दिवशी पाऊस पडला नाही, तर लोक अंदाज खोटा ठरला असे म्हणतात. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच, की असा अंदाज दिलेल्या शंभर दिवसांपैकी सुमारे सत्तर दिवशी पाऊस पडावा आणि सुमारे तीस दिवशी पडू नये. एका दिवसावरून अशा अंदाजाची पारख होत नाही. पुष्कळ दिवसांची नोंद ठेवावी लागते. याकोबने रांजणातील खड्यांवरून हेच शिकविले होते.

बाझलच्या जुन्या चर्चच्या आवारात याकोबचा स्मृतिशिलालेख आहे. एका विशिष्ट सर्पिल वक्राचे त्याला फार कौतुक होते. तो वक्र कितीही मोठा वा लहान केला तरी त्याचे रूप तेच राहते. म्हणून बदलूनही मी पुन्हा तसाच उभा राहतो, अशा अर्थाच्या शब्दांसह तो आपल्या समाधीवर कोरावा, अशी त्याची इच्छा होती. शब्द कोरले गेले. परंतु पाथरवटाला दोन वक्रांतील भेद न उमगल्यामुळे त्याने भलताच सर्पिल कोरला. ही चूक आजही त्या दगडावर पाहावयास मिळते.

दगडावरील वक्र चुकला, आकाशातील भाकीत चुकले, घरातील मायेची गणनाही चुकली. तरी याकोब बर्नोलीने मानवजातीला दिलेला ठेवा अक्षय राहिला. भविष्य पूर्णपणे कोणालाही कळत नाही. परंतु धीराने निरीक्षण करणारा, नोंदी प्रामाणिकपणे ठेवणारा आणि आपल्या अंदाजाची मर्यादा ओळखणारा मनुष्य अंधारात चाचपडत राहत नाही. ही वाट ज्याने गणिताच्या आधारे प्रथम निष्कंटक केली, त्या बाझलच्या प्राध्यापकाचे ऋण सर्व जगावर आहे.